सर्टिफिकेट बदला, सर्व्हर चालू ठेवा

सार्वजनिक वेबसाइटच्या टीएलएस सर्टिफिकेटांचं आयुष्य झपाट्याने कमी होत आहे. त्याआधी एक सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवस चालत असे. सीए/ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५मध्ये मंजूर केलेल्या वेळापत्रकानुसार १५ मार्च २०२६पासून दिलेल्या सर्टिफिकेटांसाठी ही मर्यादा २०० दिवसांची, १५ मार्च २०२७पासून १०० दिवसांची आणि १५ मार्च २०२९पासून फक्त ४७ दिवसांची आहे. लेट्स एन्क्रिप्टने ९० दिवसांपासून सुरुवात केली होती. आता त्यांच्याकडे सुमारे सहा दिवसांची सर्टिफिकेटंही मिळतात. संस्थांच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये तर काळ याहून छोटा आहे. इस्टिओ आपल्या सेवांना साधारण २४ तासांची सर्टिफिकेटं देतं आणि स्पायर मुळात एका तासाची.

आपले बहुतेक प्रोग्राम मात्र जुन्याच सवयीने लिहिलेले असतात. सुरू होताना ते सर्टिफिकेटची फाइल वाचतात आणि बंद होईपर्यंत तेच सर्टिफिकेट दाखवत राहतात. नवी फाइल डिस्कवर येऊन पडली तरी चालू प्रोग्रामला तिचा पत्ता नसतो. मग रीस्टार्ट करावा लागतो, तो कुणीतरी लक्षात ठेवावा लागतो, आणि कधीतरी तो राहून जातो. मुदत संपलेलं एक सर्टिफिकेट काय करू शकतं, हे ६ डिसेंबर २०१८ रोजी जगाने पाहिलं. एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या, जपानमध्ये सॉफ्टबँकच्या ग्राहकांची मोबाइल सेवा कित्येक तास कोलमडली. ३ फेब्रुवारी २०२० रोजी मायक्रोसॉफ्ट टीम्सही अशाच कारणाने काही तास बंद पडलं होतं.

यावरचा उपाय प्रत्येक प्रमुख टीएलएस लायब्ररीत आधीच आहे. सर्टिफिकेट सुरुवातीलाच सोपवून देण्याऐवजी लायब्ररीला एक फंक्शन द्यायचं. प्रत्येक हँडशेकच्या वेळी लायब्ररी ते फंक्शन बोलावते आणि विचारते, या जोडणीसाठी कोणतं सर्टिफिकेट दाखवू? हाच कॉलबॅक. तो लिहायला दहा-पंधरा ओळी पुरतात, पण नीट लिहायचा तर एक नियम पक्का पाळावा लागतो. कॉलबॅकने फक्त निवड करायची. सर्टिफिकेट आणणं, तपासणं आणि नूतनीकरण करणं ही कामं त्याच्या बाहेर, आधीच उरकलेली असली पाहिजेत. या लेखातला जवळजवळ प्रत्येक सल्ला याच नियमातून निघतो.

हँडशेकमध्ये कॉलबॅक नेमका कधी येतो

जोडणी सुरू होताना क्लायंट पहिला संदेश पाठवतो, तो म्हणजे क्लायंट हेलो. आपल्याला कोणत्या नावाच्या सर्व्हरशी बोलायचं आहे, टीएलएसच्या कोणत्या आवृत्त्या चालतील, कोणत्या प्रकारच्या सह्या तपासता येतील, हे सगळं त्यात असतं. सर्व्हरचं नाव ज्या भागात येतं त्याला एसएनआय म्हणतात. एकाच आयपी पत्त्यावर शेकडो वेबसाइट चालतात त्या याच्याच जोरावर. क्लायंट हेलो वाचून झाल्यावर आणि सर्व्हरने आपलं सर्टिफिकेट पाठवण्याआधी कॉलबॅक बोलावला जातो. त्या क्षणी क्लायंट थांबलेला असतो. गल्ल्यावर बसलेल्याने गिऱ्हाईक समोर उभं असताना गोदामात जाऊ नये, तसंच इथे आहे. कॉलबॅकमधून डेटाबेस विचारला, डिस्कवरची फाइल उघडली किंवा दुसऱ्या सेवेला हाक मारली, तर तो सगळा वेळ प्रत्येक नव्या जोडणीच्या माथी बसतो. ती दुसरी सेवा बंद असेल, तर तुमचा सर्व्हर धडधाकट असूनही कुणालाच जोडता येत नाही.

वेगवेगळ्या भाषांत या कॉलबॅकची नावं वेगळी आहेत, कल्पना एकच. ओपनएसएसएलमध्ये १.०.२ या आवृत्तीपासून ‘सर्ट कॉलबॅक’ आहे. तो सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे चालतो. त्याने १ परत केला तर हँडशेक पुढे जातो, ० दिला तर तुटतो आणि ऋण संख्या दिली तर हँडशेक तात्पुरता थांबतो, उत्तर हाती आल्यावर पुन्हा पुढे नेता येतो. पायथनमध्ये ३.७ आवृत्तीपासून ‘एसएनआय_कॉलबॅक’ आहे. त्यात सॉकेटला नवा कॉन्टेक्स्ट नेमून द्यायचा असतो, आणि क्लायंटने नाव पाठवलं नसेल तर नावाच्या जागी ‘नन’ येतं. नोडमध्ये ‘एसएनआयकॉलबॅक’, जावामध्ये स्वतः लिहिलेला की मॅनेजर, रस्टएलएसमध्ये सर्टिफिकेट शोधून देणारा रिझॉल्व्हर. पुढची मांडणी मी गो भाषेच्या आधाराने करतो, कारण तिथले नियम स्पष्ट आहेत आणि त्यातले खाचखळगे इतर भाषांतही थोड्याफार फरकाने भेटतात.

गोमधली मांडणी

गोच्या टीएलएस कॉन्फिगमध्ये ‘गेटसर्टिफिकेट’ नावाचं एक घर आहे. तिथे ठेवलेल्या फंक्शनला क्लायंट हेलोमधली माहिती मिळते आणि ते सर्टिफिकेट किंवा एरर परत करतं. साधी, भरवशाची रचना अशी करा.

पहिलं, मेमरीत एक तक्ता ठेवा: डोमेनचं नाव आणि त्यासमोर वाचून तयार ठेवलेलं सर्टिफिकेट. हा तक्ता एका ॲटॉमिक पॉइंटरमागे ठेवा, गो १.१९पासून त्यासाठी प्रकारासह ॲटॉमिक पॉइंटर मिळतो. कॉलबॅकने पॉइंटर वाचायचा, नाव शोधायचं आणि सापडलेलं सर्टिफिकेट परत करायचं, एवढंच.

दुसरं, वेगळी गोरुटीन ठरावीक वेळाने नव्या फाइली तपासेल, पूर्ण नवा तक्ता बांधेल आणि तो सर्वार्थाने ठीक असेल तरच पॉइंटर एका झटक्यात बदलेल. जुन्या तक्त्यात जागच्या जागी दुरुस्ती करू नका. एकदा परत केलेलं सर्टिफिकेट नंतर बदलायचं नाही, असं गोचा दस्तऐवजच बजावतो. दुसरा एखादा हँडशेक त्याच क्षणी ते वाचत असू शकतो.

तिसरं, नवी फाइल बिघडलेली निघाली तर शेवटचं चांगलं सर्टिफिकेट तसंच चालू ठेवा आणि मोठ्याने तक्रार करा: लॉगमध्ये, मोजमापात, अलार्ममध्ये. अजून वीस दिवस चालणारं सर्टिफिकेट हाताशी असताना अर्धवट लिहिलेल्या फाइलपायी सेवा बंद पडू देण्यात काहीच शहाणपण नाही. मात्र प्रोग्राम पहिल्यांदा सुरू होताना एकही चांगलं सर्टिफिकेट मिळालं नाही, तर तिथेच थांबा. रिकाम्या हाताने ग्राहकांसमोर उभं राहू नका.

आता या मांडणीतला सगळ्यात फसवा खळगा. गोमध्ये ‘सर्टिफिकेट्स’ ही स्थिर यादी आणि ‘गेटसर्टिफिकेट’ हा कॉलबॅक, दोन्ही एकाच वेळी भरता येतात. यादी भरलेली असेल, तर कॉलबॅक फक्त नाव पाठवणाऱ्या क्लायंटसाठीच बोलावला जातो. थेट आयपी पत्त्यावर जोडणारा क्लायंट एसएनआय पाठवत नाही, त्यामुळे त्याला यादीतलं, म्हणजे सुरू होतानाचं जुनं सर्टिफिकेट मिळतं. ब्राउझरमध्ये सगळं नवं दिसतं आणि आयपीवरून तब्येत तपासणारा लोड बॅलन्सर मात्र काही आठवड्यांनी अचानक ‘मुदत संपली’ म्हणू लागतो. ही यादी नकळतही भरते. ‘लिसनअँडसर्व्हटीएलएस’ला फाइलींची नावं दिली, तर तुमचा कॉलबॅक असूनही ते फंक्शन फाइली वाचून यादीत घालतं. म्हणून कॉलबॅक वापरणार असाल, तर यादी रिकामी ठेवा आणि त्या फंक्शनला दोन्ही नावांच्या जागी रिकामी स्ट्रिंग द्या. मग नाव असो वा नसो, प्रत्येक वेळी तुमचाच कॉलबॅक बोलावला जाईल. नाव नसताना काय द्यायचं, हे त्यात स्पष्ट लिहा.

एकाच नावासाठी ईसीडीएसए आणि आरएसए अशी दोन सर्टिफिकेटं ठेवत असाल, तर क्लायंटला कोणतं चालेल हे स्वतः अंदाजाने ठरवू नका. क्लायंट हेलोच्या माहितीवर ‘सपोर्ट्ससर्टिफिकेट’ नावाची मेथड आहे. आधी ईसीडीएसए विचारून पाहा, नकार आला तर आरएसए द्या.

दोन फाइली, एक बदल

सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की या बहुधा दोन वेगळ्या फाइली असतात. नूतनीकरणाचं साधन त्या एकामागून एक लिहितं. तुमचं वाचन नेमकं मधल्या क्षणी झालं, तर नवं सर्टिफिकेट आणि जुनी की अशी विजोड जोडी हाती येते. गोचं जोडी वाचणारं फंक्शन सर्टिफिकेटमधली पब्लिक की आणि प्रायव्हेट की जुळतात का हे तपासतं आणि जुळत नसतील तर एरर देतं. ही तपासणी फुकट मिळते, तिचा फायदा घ्या; थोड्या वेळाने पुन्हा वाचा. फाइली लिहिणं तुमच्या हातात असेल, तर दोन्ही फाइली नव्या फोल्डरमध्ये लिहून शेवटी एकच सिमलिंक बदलणं सर्वांत चांगलं. कुबरनेटीस आपली सीक्रेट्स पॉडमध्ये याच पद्धतीने बदलतं. पण तिथे सबपाथने माउंट केलेल्या फाइली बदलत नाहीत, हे ध्यानात ठेवा. तसं माउंट केलं असेल, तर कितीही चांगला कॉलबॅक लिहिला तरी नवं सर्टिफिकेट पॉडपर्यंत पोहोचणारच नाही.

फाइलवर नजर ठेवायची असेल तर एकट्या फाइलवर ठेवू नका, तिच्या फोल्डरवर ठेवा. जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल नाव बदलून आणली की एकट्या फाइलवरची नजर जुन्याच फाइलला चिकटून राहते. खरं तर दर काही मिनिटांनी फाइल वाचून पाहणं बहुतेक ठिकाणी पुरेसं आहे. नूतनीकरण मुदतीच्या कितीतरी आधी झालेलं असतं, तेव्हा दहा मिनिटांनी काही बिघडत नाही. सर्टबॉट वापरत असाल, तर त्याच्या डिप्लॉय हुकमधून प्रोग्रामला सूचना देता येते.

वाचताना पूर्ण साखळी वाचा: आधी तुमचं सर्टिफिकेट, मग मधल्या प्राधिकरणांची. मधलं सर्टिफिकेट राहिलं तर काही ब्राउझर ते आपल्या साठ्यातून भरून काढतात, पण कर्लसारखी साधनं आणि मोबाइल ॲप बहुधा जोडणीच नाकारतात. त्यामुळे ‘माझ्याकडे तर चालतंय’ हा दिलासा इथे कामाचा नाही.

नावावर विश्वास ठेवू नका

एसएनआयमधलं नाव क्लायंट पाठवतो, आणि तो काहीही पाठवू शकतो. म्हणून ते आधी लहान अक्षरांत आणा, कारण डोमेनच्या नावात मोठ्या-लहान अक्षरांचा फरक धरत नाहीत. त्या नावावरून फाइलचा मार्ग कधीही बनवू नका. बिंदू आणि तिरप्या रेघा घुसडून कुणीतरी भलत्या फोल्डरमध्ये शिरायचा प्रयत्न करेल. वाइल्डकार्ड सर्टिफिकेट फक्त एका पातळीपुरतं लागू होतं, तेव्हा शोधतानाही एकच पातळी वगळून पाहा.

मराठी वाचकांसाठी यात एक खास मुद्दा आहे. २०१४पासून देवनागरीत .भारत डोमेन घेता येतं आणि मराठी नावांच्या वेबसाइटही त्यावर उभ्या आहेत. पण हँडशेकमध्ये नाव देवनागरीत येत नाही. ते प्युनीकोडच्या रूपात, एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत येतं. तुमच्या तक्त्यात देवनागरी नाव लिहिलेलं असेल, तर ते कधीच सापडणार नाही. तक्ता बांधतानाच नावं प्युनीकोडमध्ये बदलून ठेवा.

अनोळखी नाव आलं तर काय करायचं? पहिलं सापडेल ते सर्टिफिकेट देऊन टाकायची पद्धत सोडून द्या. क्लायंटला नाव न जुळल्याची एरर दिसतेच, शिवाय त्या पत्त्यावर आणखी कोणतं डोमेन आहे हेही उघड होतं. गोमध्ये यादी रिकामी ठेवून कॉलबॅकने सर्टिफिकेटही दिलं नाही आणि एररही दिली नाही, तर लायब्ररी क्लायंटला ‘नाव ओळखीचं नाही’ असा नेमका अलर्ट पाठवते. तुम्ही स्वतःची एरर दिली तर ‘अंतर्गत बिघाड’ असा अलर्ट जातो आणि समोरचा भलत्याच दिशेने शोधत बसतो.

मागणी येताच नवं सर्टिफिकेट काढून देण्याची सोय ऑटोसर्ट आणि कॅडी या साधनांत आहे. ग्राहकांनी आपापली डोमेनं जोडायची असतात अशा सेवांना ती उपयोगी पडते. पण आपल्या मूळ नियमाला हा अपवाद आहे, म्हणून त्याला कुंपण हवं. ऑटोसर्टमध्ये ‘होस्टपॉलिसी’ रिकामी सोडली तर कोणतंही नाव चालतं. मग कुणीही हजार बनावट नावांनी जोडणी करून तुमच्या नावावर मागण्या नोंदवू शकतो. लेट्स एन्क्रिप्ट एका नोंदणीकृत डोमेनसाठी सात दिवसांत ५० नवी सर्टिफिकेटं देतं. ती मर्यादा संपली की खरी मागणीही अडते. परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा, एकाच नावासाठी एका वेळी एकच मागणी जाऊ द्या, आणि सर्व्हर एकाहून जास्त असतील तर सर्टिफिकेटांचा साठा सर्वांमध्ये सामायिक ठेवा.

आणखी एक गोष्ट. एसएनआयमधलं नाव आणि नंतर येणाऱ्या एचटीटीपी विनंतीतलं होस्टचं नाव वेगळं असू शकतं. ‘या नावासाठी क्लायंट सर्टिफिकेट हवं, त्या नावासाठी नको’ असे नियम एसएनआयवर लावले असतील, तर विनंती आल्यावर दोन्ही नावं पुन्हा जुळवून पाहा. जुळत नसतील तर ४२१ हा प्रतिसाद द्या.

क्लायंटच्या बाजूने

दोन्ही बाजूंनी ओळख पटवायची असते तेव्हा क्लायंटलाही सर्टिफिकेट दाखवावं लागतं, आणि एक-एक तासाच्या सर्टिफिकेटांच्या जगात कॉलबॅकची खरी गरज तिथेच भासते. गोमधला ‘गेटक्लायंटसर्टिफिकेट’ सर्व्हरने सर्टिफिकेट मागितलं तरच बोलावला जातो. त्याला सर्व्हर कोणत्या प्राधिकरणांवर विश्वास ठेवतो याची यादी मिळते. एरर दिली तर हँडशेक तुटतो. देण्यासारखं काही नसेल, तर ‘निल’ देऊ नका. रिकामं सर्टिफिकेट द्या, म्हणजे ‘माझ्याकडे नाही’ असं सर्व्हरला कळतं आणि पुढे काय करायचं ते तो ठरवतो.

टीएलएस १.३मध्ये एक गोष्ट गोंधळात टाकते. सर्व्हरने क्लायंटचं सर्टिफिकेट तपासण्याआधीच क्लायंटच्या दृष्टीने हँडशेक पूर्ण झालेला असतो. त्यामुळे नाकारलेल्या सर्टिफिकेटची एरर जोडणी करताना दिसत नाही, पहिल्यांदा काही वाचायला जाता तेव्हा दिसते. ‘जोडणी झाली, म्हणजे सर्टिफिकेट चाललं’ असा निष्कर्ष काढू नका.

सर्व्हरला क्लायंटांची ओळख पटवायला जी विश्वासू प्राधिकरणांची यादी लागते, ती ‘गेटसर्टिफिकेट’ने बदलत नाही. तीही चालू असताना बदलायची असेल, तर ‘गेटकॉन्फिगफॉरक्लायंट’ वापरा. तो प्रत्येक जोडणीसाठी पूर्ण कॉन्फिगच नवी देऊ शकतो.

बदललं, तरी जुनंच का दिसतं

कॉलबॅक फक्त नव्या हँडशेकला लागू होतो. आधीच जोडलेली जोडणी तिच्या हँडशेकच्या वेळच्या सर्टिफिकेटवर चालत राहते. एचटीटीपी/२ आणि जीआरपीसीच्या जोडण्या कित्येक दिवस उघड्या राहू शकतात. जीआरपीसीच्या सर्व्हरवर जोडणीचं कमाल वय ठरवता येतं. ते सर्टिफिकेटच्या आयुष्यापेक्षा बरंच कमी ठेवा. गोच्या क्लायंटमध्ये ‘क्लोजआयडलकनेक्शन्स’ बोलावलं की रिकाम्या जोडण्या बंद होतात, पण कामात असलेल्या नाही.

दुसरं कारण जुनं सत्र पुढे चालवण्याचं. क्लायंटकडे आधीच्या भेटीचं तिकीट असेल तर टीएलएस १.३मध्ये सर्टिफिकेट पाठवलंच जात नाही. तिकिटाचं आयुष्य सात दिवसांपर्यंत असू शकतं. साध्या नूतनीकरणात याने काही बिघडत नाही. पण प्रायव्हेट की फुटली म्हणून तातडीने सर्टिफिकेट बदलत असाल, तर तिकिटांच्या कीही बदला आणि उघड्या जोडण्याही तोडा. नुसता तक्ता बदलून काम पूर्ण होत नाही.

तपासल्याशिवाय भरवसा नको

ओपनएसएसएलच्या ‘एस_क्लायंट’ने नाव देऊन, नाव न देता आणि अनोळखी नाव देऊन अशा तिन्ही तऱ्हांनी जोडून पाहा. मग सर्व्हर चालू ठेवून फाइल बदला आणि पुन्हा तिन्ही करा. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत निदान एवढ्या गोष्टी हव्यात: बदलानंतर नव्या जोडणीला नवं सर्टिफिकेट मिळतं, बिघडलेली फाइल आली तरी जुनं चालू राहतं, विजोड जोडी नाकारली जाते, मोठ्या अक्षरातलं नाव सापडतं, आणि शेकडो हँडशेक चालू असताना तक्ता बदलला तरी रेस डिटेक्टर गप्प राहतो.

चालू सेवेवर नजर ठेवताना डिस्कवरची फाइल पाहू नका. बाहेरून जोडून प्रत्यक्ष मिळालेल्या सर्टिफिकेटची मुदत पाहा, आणि ती प्रत्येक सर्व्हरवर वेगवेगळी पाहा. मेमरीत असलेल्या सर्टिफिकेटची अखेरची तारीख आणि शेवटचं यशस्वी वाचन कधी झालं, ही दोन मोजमापं प्रोग्रामनेच बाहेर द्यावीत. आयुष्याचा दोन तृतीयांश भाग संपल्यावर नूतनीकरण करण्याची पद्धत असेल, तर एक चतुर्थांश उरल्यावर अलार्म वाजायला हवा. मग दुरुस्तीला माणसाच्या हातात पुरेसा वेळ राहतो.

सुरुवात करायला मोठा प्रकल्प लागत नाही. तुमच्या प्रोग्रामांत सर्टिफिकेटची फाइल सुरू होताना वाचणाऱ्या जागा शोधा आणि त्यातली सगळ्यात कमी मुदतीची आधी घ्या. तिथे तक्ता, वेगळं वाचन आणि छोटा कॉलबॅक बसवा, वरच्या चाचण्या लावा, आणि मग मुद्दाम महिन्यातून एकदा सर्टिफिकेट बदलून पाहा. २०२९मध्ये ४७ दिवसांची मर्यादा येईल तेव्हा हा बदल तुमच्याकडे रोजच्या सवयीचा झालेला असेल, आणि त्यासाठी रात्री कुणाला जागं राहावं लागणार नाही.